बाईंच्या शाळेचं पॅनेल

लासुर्णे
२ मार्च २०२५

संभा,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होते. पण माझे कान आता असे झालेत की फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय काही समजत नाही, आणि स्पीकरवर टाकला की माझ्याआधी शिपाईमामांना समजतं आणि मग सगळ्या गावाला. हे गावाला कळायचं नाही. तूही कळवू नकोस. तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तू चौथीत होतास तेव्हापासून मला माहीत आहे.

मी जूनपासून शाळा सोडते आहे. एकाहत्तरी झाली. फळ्याकडे तोंड केलं की मागं पोरं काय करतात ते हल्ली ऐकू येत नाही. ज्या बाईला मागचं ऐकू येत नाही तिनं वर्गात उभं राहू नये, असं माझं स्वतःचंच मत होतं, आता ते माझ्यावरच उलटलं.

माझ्या जागी मला दिशा हवी आहे. भानुदासरावांची दिशा. माझ्याच हाताखाली शिकली, बी.एड. करून इथंच परत आली. खरं सांगायचं तर गेली तीन वर्षं शाळा तीच चालवते आणि मी खुर्चीत बसून चालवल्याचा चेहरा करते. तिला बारामतीच्या एका मोठ्या शाळेनं बोलावलं आहे, मेअखेर कळवायचं आहे. इथं शाळाप्रमुख झाली तर राहील, नाहीतर जाईल, आणि जावंच तिनं. पण ती गेली की आपली शाळा संपली.

अडचण अशी की शाळा काढली तेव्हा मी हौसेनं घटना लिहिली: शाळाप्रमुख समितीनं मतदानानं निवडावा. एकतीस वर्षं मी एकटीच उभी राहत होते म्हणून मतदानाची वेळच आली नाही. आता तुझ्या मेहुण्याचा युवराज उभा राहतोय. पुण्याहून इंजिनियर होऊन आला, ठिबकची एजन्सी घेतली, ती चालली, म्हणून त्याला वाटतं शाळाही चालेल. त्याला पोरांना टाय घालायचा आहे आणि शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' घालायचं आहे. आपल्या शाळेच्या मागं पाट आहे, पुढं ऊस आहे. इथं आंतरराष्ट्रीय म्हणावेत असे फक्त थंडीत येणारे रोहित पक्षी, आणि तेही उजनीला उतरतात.

समितीत नऊ माणसं. तू जन्मभर सोसायट्यांच्या निवडणुका लढवल्यास, स्वतः कधी उभा राहिला नाहीस, पण दुसऱ्यांना पाडलंस भरपूर. एकदा बहिणीच्या उपयोगी पड. काय करू ते सांग.

तुझी,
अक्का


काटेवाडी
८ मार्च

अक्का,

इथूनच पाया पडतो. गुडघे मलाही आहेत.

एकतीस वर्षं बिनविरोध येण्याला निवडणूक म्हणत नाहीत, दहशत म्हणतात. त्यामुळं तुला यातलं काही येत नाही हे आधी मान्य कर. मी सांगतो तसं करायचं, मध्ये मास्तरकी करायची नाही. मागं एकदा तुझ्या पत्राला मी उत्तर लिहिलं तेव्हा तू ते लाल पेनानं तपासून परत पाठवलं होतंस, ते अजून माझ्या मनात आहे.

पहिली गोष्ट, पॅनेल काढ. उमेदवार एकच आहे म्हणून काय झालं? माणूस माणसाला मत देत नाही, पॅनेलला देतो. पॅनेलला नाव पाहिजे, चिन्ह पाहिजे, एक जेवण पाहिजे. गोड पदार्थ तुपातला.

दुसरी गोष्ट, आत्ता कुणाच्या दारात जाऊ नकोस. तोडीचे दिवस आहेत. ज्याच्या उसाला तोड आली नाही त्याला तू दिशाचं नाव सांगशील आणि तो तुला तोडीची चिठ्ठी न देणाऱ्या चिटबॉयचं नाव सांगत बसेल. कारखान्याचा पट्टा पडू दे, हंगाम संपू दे, मग माणसं माणसात येतात.

तिसरी गोष्ट वाईट आहे पण सांगतो. दिशा वस्तीतली आहे. कुणी तिची जात काढणार नाही, तो काळ गेला, लोक शहाणे झालेत. ते म्हणतील, "पोरगी हुशार हाय, पण वय ल्हान हाय." युवराज तिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, त्याचं वय कुणी काढणार नाही. हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकशील त्याचं मत गेलं समज आणि त्याच्यावर चहा वाया घालवू नकोस.

बाकी काळजी नको. माझ्या सल्ल्यानं लढलेलं पॅनेल आजवर पडलेलं नाही.

तुझा,
संभा


लासुर्णे
२३ मार्च

संभा,

तुझं पत्र वाचून मी ठरवलं होतं की यातलं काहीही करायचं नाही. शाळा म्हणजे दूध सोसायटी नव्हे. मग दुसऱ्याच दिवशी आपल्या समितीतला अविराज, तोच गोठेवाला, माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "बाई, दिशा मॅडम लय हुशार हाईत, त्यात वादच न्हाय. पण वय ल्हान हाय वो." तुझं वाक्य, अक्षर न् अक्षर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी पॅनेल काढलं.

नाव: ज्ञानज्योत पॅनेल. चिन्ह: पाटी. लगेच दुसऱ्या दिवशी युवराजनं काढलं ज्ञानशक्ती पॅनेल. चिन्ह: पेन्सिल. मी शिरापुरी केली, त्यानं जिलबी ठेवली. मी समितीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. संक्रांत होऊन दोन महिने झाले होते, पण कुणी काही विचारलं नाही, वाण घेऊन गेल्या. तर त्याच्या घरी लगेच होम मिनिस्टरचा खेळ. मी आज जे करते ते तो उद्या करतो. घरात कुणीतरी फितूर आहे असं मला वाटतं. शिपाईमामांवर माझा संशय आहे, मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं आहे.

दिशाला हे काहीच आवडलेलं नाही. म्हणाली, "बाई, मी शाळेसाठी अर्ज दिलाय, सरपंचपदासाठी न्हाय." मी तिला म्हटलं, तू शिकव, बाकीचं मी बघते. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती वर्गात गेली. मला ते नजरेचं बोलणं आवडलं नाही, पण वेळ नव्हता, शिऱ्याचं सामान आणायचं होतं.

सध्या मला धरून चार माझी, युवराजला धरून चार त्याची आणि नववे भानुदासराव, दिशाचे वडील. म्हणजे पाच आपली झाली. पण युवराज आमची माणसं फोडायला बघतोय. पुढं काय?

अक्का


काटेवाडी
२९ मार्च

अक्का,

शिपाईमामांशी बोल. गरीब माणसावर संशय घेऊ नये. निवडणुकीत असं होतंच, दोन हुशार माणसांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट येते. यात फितुरी वगैरे काही नाही.

आता शेवटचा डाव. मतं फुटू नयेत म्हणून मतदानाआधी माणसं उचलायची आणि बाहेर न्यायची. देवदर्शन म्हण, सहल म्हण, पण गावात ठेवायची नाहीत. फोन काढून घ्यायचे. आणि मतदानाच्या सकाळी थेट गाडीतून मतपेटीपाशी उतरवायची. महाबळेश्वरला माझ्या ओळखीचं एक लॉज आहे, मालक आपल्या शब्दातला आहे. मी बुकिंग करतो. तू स्वतः बरोबर जा, तुझ्यासमोर कुणाची फुटायची छाती होणार नाही.

संभा


महाबळेश्वर
११ एप्रिल

संभ्या,

तुला संभा म्हणायची माझी इच्छा राहिलेली नाही.

काल दुपारी माझ्या तीन माणसांना घेऊन मी तुझ्या लॉजवर उतरले. फोन मी सर्वांचे काढून पिशवीत घातले होते. जेवायला खाली आलो तर समोरच्या टेबलावर युवराज आणि त्याची तीन माणसं! त्याच्याही मांडीवर फोनची पिशवी! आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात मालक हसत आला आणि म्हणाला, "संभाजीरावांचीच दोन्ही बुकिंगं हाईत, म्हनून जेवनात सूट दिली."

म्हणजे शिरा तुझा आणि जिलबीही तुझी. पाटीही तुझी आणि पेन्सिलही तुझीच. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, पण सख्ख्या बहिणीला एका डगरीवर उभं करून दुसरीवर मेहुण्याचा पोरगा उभा करणारा तूच पहिला. तुझ्या सल्ल्यानं लढलेलं पॅनेल पडत नाही म्हणे! दोन्ही पॅनेल तुझीच असली तर पडेल कसं?

आणि इथं काय चाललंय ऐक. फोडाफोडी राहिली बाजूला, सहाही माणसं एकत्र बसून पत्ते खेळताहेत. युवराज माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आला. वाईट पोरगा नाही तो, शाळेला रंग द्यायचं खरंच त्याच्या मनात आहे. आणि रात्री अविराज मला म्हणाला, "बाई, लेकरं कुठं असतील वो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आई-बाप मी आणि युवराजनं मिळून पळवून आणले. घरी म्हातारी माणसं. परीक्षा चालू. पिशवीतून फोन काढून शाळेत लावला, स्पीकरवर, सगळ्यांनी कान लावले. दिशा म्हणाली, "समितीची सगळी पोरं माझ्याकडं हाईत. आज पेपर झाला, उद्याचा अभ्यास घेतलाय, आता जेवून झोपलीत. युवराजदादांची छोटी संस्कृती रडली थोडी, मग झोपली. ठेवू का?" तिनं ठेवलाही.

भानुदासराव आलेच नाहीत. मी न्यायला गेले तर म्हणाले, "बाई, जयंती तोंडावर आलीय, मंडपाचं काम पडलंय. आन् मला कशापायी पळवून नेता? माझीच पोरगी हाय की." मला तेव्हा हसू आलं. आता येत नाहीये.

तुझ्यावर मी फार रागावले आहे. उत्तर दे.

द्वारका


काटेवाडी
१६ एप्रिल

अक्का,

व्हय, दोन्हीकडं मीच होतो. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी युवराज माझ्याकडं आला. मला मामा म्हणाला, पाया पडला, तुझ्यासारखंच "काय करू ते सांगा" म्हणाला. नाही कसं म्हणू? सल्ला मागायला माझ्याकडं किती वर्षांनी माणूस आला होता. तुला वाटेल हा गंमत करतोय, पण खरं सांगतो, तुमच्या दोघांची पत्रं आणि फोन यायचे ते दिवस माझे फार चांगले गेले.

लॉजचं मात्र चुकलं. आठ खोल्या एकदम घेतल्या तर स्वस्त पडत होत्या.

मतदानाचं काय झालं ते कळव. युवराजला विचारलं तर तो फोन उचलत नाही.

संभा


लासुर्णे
२४ एप्रिल

संभा,

मतदान तेरा तारखेला, रविवारी झालं. शाळेतच, सातवीच्या वर्गात.

पहिलं घोडं अडलं ते भानुदासरावांपाशी. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझी पोरगी उमेदवार हाय. मी मत देनार न्हाय. उद्या कुनी म्हनाया नको, बापाच्या मतानं आली." मी म्हटलं, भानुदासराव, घटनेत अशी मनाई नाही. ते म्हणाले, "घटना तुमी मला शिकवू नका, बाई." सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि मनात आपलं एक मत वजा केलं.

मोजणी झाली. चार-चार.

समसमान झालं तर अध्यक्षांचं जास्तीचं मत, आणि अध्यक्ष मी. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात अविराज उठला. म्हणाला, "बाई, एवढं कशाला वो? तुमीच ऱ्हावा की अजून दोन वर्सं. मंग बघू." एकदम सगळे बोलायला लागले. व्हय व्हय, बाईच बऱ्या. पाटीवाले म्हणाले, पेन्सिलवाले म्हणाले. युवराज म्हणाला, "आत्या, तुम्ही असाल तर माझं पॅनेल मागं." दोन्ही पॅनेलचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते माझ्यावर.

चहा आला. चहा बरा होता. आलं घातलं होतं. शिपाईमामांशी मी आता बोलते.

बाकी इथं ऊन फार आहे. तुझ्या गुडघ्याचं काय?

अक्का


काटेवाडी
२८ एप्रिल

अक्का,

माझा गुडघा गेला खड्ड्यात. तू मत कुणाला दिलंस?

संभा


लासुर्णे
४ मे

संभा,

मुद्दामच लिहिलं नव्हतं. लिहायला धीर होत नव्हता.

मला गोड वाटलं. ते सगळे "तुमीच ऱ्हावा" म्हणत होते आणि मला लग्नात हार घातल्यासारखं वाटत होतं. एकतीस वर्षांत मला कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं. मी मनात दोन वर्षांचा हिशेब सुद्धा सुरू केला: कानाचं यंत्र घेऊ, वरचे वर्ग दिशाला देऊ, मी नुसती प्रार्थनेला उभी राहीन. कुणाचं काय बिघडतंय?

दिशा दाराशी उभी होती. तिनं खांद्यावरची पिशवी नुसती सारखी केली, माणूस निघायच्या आधी करतो तशी. आणि मला कळलं की मी हो म्हटलं तर ही उद्या बारामतीत असेल, आणि दोन वर्षांनी मी बहिरी ठार, आणि शाळेत दुसरं कुणी नाही. ज्या पोरीसाठी मी महाबळेश्वरापर्यंत तमाशा केला तिलाच मी खुर्चीपायी हाकलायला निघाले होते. माझी मला लाज वाटली.

मी म्हटलं, माझं मत पाटीला. दिशाला. आणि कागदावर लिहून सही केली, नाहीतर पुन्हा मन फिरलं असतं.

मग युवराजच उठला. गुलालाची पोती त्यानंच आणून ठेवली होती, स्वतःसाठी. म्हणाला, आणलाय तर वाया कशाला घालवायचा, आणि पहिली मूठ दिशाच्या डोक्यावर टाकली. पोरं आत घुसली, हलगी आली. सातवीचा वर्ग अजून लाल आहे. अविराजनं मिरवणुकीत सगळ्यात जास्त नाच केला.

भानुदासराव मात्र कोपऱ्यात बाकावर बसून होते, डोळे पुसत. मला म्हणाले, "गुलाल डोळ्यात गेला." त्यांच्या अंगावर गुलालाचा कणही नव्हता.

अक्का


लासुर्णे
२२ जून

संभा,

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, ते खोटं नाही.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी जाऊन प्रार्थनेला उभी राहिले. एक बाई पोराच्या दाखल्याचं विचारायला आली ती सरळ माझ्याकडं. एक शिक्षक रजा मागायला आला तो माझ्याकडं. सहावीतली दोघं भांडली, ती माझ्याकडं. मी आपलं सगळ्यांना उत्तरं देत होते. दिशा समोर उभी. आठवडाभर असं चाललं. मी तिला मदत करत होते, संभा!

शनिवारी शाळा सुटल्यावर ती घरी आली. चटईवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, दिवाळीपर्यंत तुम्ही शाळेच्या आवारात येऊ नका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तिनं माझ्या कानाशी येऊन, मोठ्यानं, शब्द सुटे करून पुन्हा सांगितलं. मीच तिला शिकवलं आहे तसं.

मी काढलेली शाळा. मी निवडून आणलेली पोरगी. आणि मला फाटकाबाहेर! मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती ऐकून घेत बसली, तिचे डोळे भरले, पण "या" काही म्हणाली नाही. जाताना पाया पडली.

तेव्हा आता तू ऐक. अविश्वासाचा ठराव आणायला किती सह्या लागतात? युवराज माझ्या शब्दाबाहेर नाही, अविराज तर कुणाच्याही बाजूनं नाचतो. तू पॅनेल काढ. मी पैज मारते, महिन्यात पाडू तिला.

अक्का


काटेवाडी
२७ जून

अक्का,

ठराव आणायला सह्या किती लागतात ते मला माहीत आहे. सांगणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सल्ला मागतंय आणि मी नाही म्हणतोय, तेव्हा नीट वाच, लाल पेन बाजूला ठेव.

आमच्या दूध सोसायटीचं मी काम सोडलं त्याला आठ वर्षं झाली. मला कुणी "आवारात येऊ नका" म्हटलं नाही. माणसं चांगली आहेत, वडीलकी मानतात. म्हणून मी रोज सकाळी ओट्यावर जाऊन बसतो. चेअरमनला काय करावं ते सांगतो. तो व्हय आबा, व्हय आबा म्हणतो, आणि मला हवं ते करत नाही. परवा मी वळून बघितलं, तर नवी संचालक पोरं मला ओट्यावर बसलेला बघून मागच्या दारानं आत जात होती. माझी एवढी वर्षांची पुण्याई म्हणजे त्यांनी भिंतीत पाडलेलं एक मागचं दार.

त्या पोरीनं तुला तोंडावर सांगितलं. तुझ्यासाठी मागचं दार पाडलं नाही. माझ्यासाठी कुणी तेवढी छाती केली असती तर मी आज दुसरं काहीतरी शिकलो असतो, निदान भाजी तरी लावली असती.

घरी बस, अक्का. कठीण आहे, पण बस.

संभा


लासुर्णे
३ ऑगस्ट

संभा,

तुझं पत्र वाचून रागानं फाडलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं. त्यात तीन चुका होत्या, पण काढल्या नाहीत.

महिनाभर घरात बसले. पहिले काही दिवस वाटायचं, आता कुणीतरी धावत येईल, बाई चला, काहीच सुधरेना. कुणी आलं नाही. मग अविराज आला. चप्पल काढायच्या आत तक्रार: "दिशा मॅडमनी माझ्या पोराला पुन्ना पाढं लिवायला लावलं. तुमी जरा सांगा की त्यास्नी." काय सांगू तुला, मला इतका आनंद झाला की मी त्याला बसायला पाट दिला. आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून तुझं ते मागचं दार आठवलं. म्हटलं, "अविराज, हेडबाईंना विचार." हेडबाई हा शब्द मी दुसऱ्या कुणासाठी पहिल्यांदाच वापरला. तो गेला. गेला म्हणजे शाळेतच गेला, मी खिडकीतून पाहिलं. दिशानं त्याला पोराशेजारी बसवून त्याच्याकडूनही पाढे म्हणून घेतले म्हणे.

काल शाळा सुटली तेव्हा मी दारात मेथी निवडत होते. पोरं गलका करत गेली. मोठी "बाई" म्हणून हात हलवून गेली. मागं राहिली एक पहिलीतली नवी पोरगी, चपलेचा बंद तुटला म्हणून. मी तिला पायरीवर बसवलं, बंद बांधून दिला. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आजी, तुमी कधी साळंत गेलता का?"

मी म्हटलं, "गेले होते गं."

"मंग सोडली?"

"सोडली."

"का?"

म्हटलं, "तिथं आता दुसऱ्या बाई आल्या."

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्या लय चांगल्या हाईत. तुमी बी या. त्या कुनालाबी घेत्यात." आणि पळत गेली.

संभा, मी तिथंच पायरीवर बसून हसले, आणि मग मेथीची जुडी तोंडाशी धरून रडले. माझ्या शाळेतल्या पोरीला मी कोण ते माहीत नाही, आणि तिला तिची बाई आवडते. मला हेच हवं होतं. इतकं झोंबेल असं मात्र वाटलं नव्हतं.

येऊन जा चार दिवस. मला एकटीला करमत नाही.

तुझी,
अक्का